सुचत नाही म्हणताना

लिहायला सुचत नाही, असं मी स्वतःशी म्हणते तेव्हा त्यात खरं किती आणि पळवाट किती, हे एकदा नीट तपासून पाहायचं बरेच दिवस मनात होतं. वही समोर असते, घर अजून झोपलेलं असतं, वेळही हाताशी असतो, आणि तरी हात उठत नाही. मग प्रेरणेचं नाव पुढे केलं की मनाची समजूत निघते. दुसऱ्याला सांगताना तर ते फारच शोभून दिसतं.

कधी कधी अंगात खरोखर त्राण नसतं, तेवढं मान्य. दिवसभर वर्गात उभं राहून, घरी येऊन स्वयंपाकपाणी उरकलं की डोळे मिटतात, आणि त्याबद्दल मनाला टोचणी लावून घेण्याचं काही कारण नाही. म्हणूनच मी पहाटेची वेळ धरली. पण पहाटे अंग ताजं असतं, तेव्हाही हात अडतो. आत डोकावलं की दिसतं ते असं: जे लिहीन ते चांगलंच होणार, याची मला आधी हमी हवी असते. पहिली ओळ उतरण्याआधीच वाचणाऱ्याची मान डोललेली हवी असते. म्हणजे वाट पाहते ती प्रेरणेची नव्हेच. वाट पाहते ती शाबासकीची, आणि तीही काम न करता.

वर्धा जिल्ह्यात राहून ही सबब फार दिवस चालवता येत नाही. शहरापासून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम आहे. तिथे गांधीजींच्या बापू कुटीत गेलं की माझी नजर त्या जमिनीवरच्या बैठकीकडे आणि बुटक्या मेजाकडे जाते. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, आले, आणि ऑगस्ट १९४६ मध्ये इथून गेले ते परत आले नाहीत. मधल्या काळात इथून किती पत्रं, किती लेख गेले! ‘हरिजन’चा अंक दर आठवड्याला निघायचा, त्याला मजकूर लागायचा. सोमवारचं मौन असायचं, त्यातही लेखणी चालू असायची. डिसेंबर १९४१ मध्ये इथून बारडोलीला जाताना त्यांनी गाडीतच रचनात्मक कार्यक्रमावरची पुस्तिका लिहून काढली. त्याच्या कितीतरी आधी, १९०९ साली, इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना ‘हिंद स्वराज्य’ बोटीवर लिहिलं, तेव्हा उजवा हात दुखायला लागला म्हणून डाव्या हाताने लिहीत राहिले.

पण मला जास्त शिकवून जाते ती त्यांच्या आत्मकथेची हकिकत. जवळच्या सहकाऱ्यांनी आग्रह केला म्हणून त्यांनी लिहायला घेतलं आणि पहिलं पान उलटतं न उलटतं तोच मुंबईत दंगल उसळली; काम बाजूला पडलं. पुढे स्वामी आनंदांनी पुन्हा लकडा लावला. सलग पुस्तक लिहायला तर सवड नव्हती. तेव्हा गांधीजींनी म्हटलं, ‘नवजीवन’ साप्ताहिकासाठी दर आठवड्याला काहीतरी लिहावं लागतंच, मग तिथे आत्मकथेचंच प्रकरण का असू नये? नोव्हेंबर १९२५ पासून फेब्रुवारी १९२९ पर्यंत ती आठवड्याआठवड्याने छापली गेली. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात ते सांगतात की आपण आराखडा करून लिहीत नाही, लिहायला बसल्यावर आतून जसं येईल तसं लिहितो. आतून येणं त्यांनाही हवंच होतं. पण ते येणार बसल्यावर, आणि बसायचं कधी हे अंकाने ठरवलेलं. मी हा क्रम उलटा धरून बसले होते.

नियमाची थोरवी सांगायला घेतली की माणूस सहज वाहवत जातो, म्हणून गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांची आठवण मी मुद्दाम जवळ ठेवते. १९१७ साली ते गांधीजींकडे आले आणि तेव्हापासून १९४२ पर्यंत रोजनिशी लिहीत राहिले. दुसऱ्याच्या आयुष्याची रोजनिशी, आणि तीही एवढी निगुतीने! ते वर्ध्यातल्या मगनवाडीत राहायचे आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यातही पायी सेगावला जाऊन परत यायचे. मे महिन्यातलं इथलं ऊन ज्याने अंगावर घेतलंय त्याला हे काय आहे ते सांगावं लागत नाही. पुढे त्यांची प्रकृती ढासळली. १५ ऑगस्ट १९४२ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमधल्या बंदिवासात ते गेले, तेव्हा वय पन्नास. त्यांच्या निष्ठेपुढे मी नतमस्तक होते, आणि तरीही स्वतःला विचारते, की माझा नियम माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या देहावर उठत असेल तर तो मी पाळावा का? त्यामुळे आजारपणात किंवा घरात कुणाचं दुखणं निघालं की मी वही मिटते. त्यात खंड पडल्याचं दुःख मानत नाही.

विनोबा भाव्यांचं उदाहरण याहून अवघड. आईला गीता समजून घ्यायची होती. संस्कृत येत नव्हतं, मराठीत जे मिळालं तेही जड वाटलं. तेव्हा ती मुलाला म्हणाली, तूच का नाही करत? ती १९१८ च्या फ्लूच्या साथीत गेली. ‘गीताई’ लिहायला विनोबांनी घेतली ती ७ ऑक्टोबर १९३० ला, इथे वर्ध्यात, आणि पुरी झाली ६ फेब्रुवारी १९३१ ला. सातशे श्लोक, चार महिने. सरासरी काढली तर दिवसाला सहा श्लोकसुद्धा पडत नाहीत. हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा मला फार धीर आला होता. रोज पाच-सहा श्लोक, बस्स. पण मग मन म्हणालं, आधीची बारा वर्षं कुठे ठेवतेस? आई गेल्यावर एवढा काळ हा माणूस थांबलाच होता ना?

या प्रश्नाशी मी खूप झगडले. आता मला असं वाटतं की ते थांबणं आणि माझं थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वर्षांत गीता त्यांच्या हातातून सुटलेली नव्हती. १९२१ साली वर्ध्यात येऊन आश्रम चालवणं, शिकवणं, कातणं, ‘महाराष्ट्र धर्म’ काढून त्यात उपनिषदांवर लिहिणं, हे सगळं चालू होतं. मी थांबते तेव्हा काय चालू असतं? बहुतेक वेळा काहीच नाही. ज्या विषयावर लिहायचं म्हणते त्याचं पुस्तकही उघडलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट विनोबांनीच सांगून ठेवली आहे. तरुणपणी ते कविता करायचे. एकेका कवितेवर तासन् तास घालवायचे, आणि ती मनासारखी उतरली की अग्नीला देऊन टाकायचे. काशीत असताना गंगेला दिल्या. नावडत्या फाडणं आपण सगळेच करतो. ते मनासारख्या उतरलेल्या द्यायचे. मी हे करू शकणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण लिहिणं वेगळं आणि ते लोकांपुढे ठेवणं वेगळं, एवढं मी त्यातून घेतलं. रोज लिहायचं म्हणजे रोज छापायचं नव्हे, हे एकदा पक्कं झालं आणि माझी अर्धी भीती गेली.

कुणी साने गुरुजींचा दाखला देईल, आणि तो द्यायलाच हवा. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. त्याला उमाळाच म्हणावं लागेल, मी नाकारत नाही. पण आदल्या वर्षी हेच गुरुजी धुळ्याच्या तुरुंगात, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, अठरा रविवार विनोबांसमोर बसून गीतेची प्रवचनं शब्दशः उतरवून घेत होते. दुसऱ्याचं बोलणं, त्यात आपलं काही घालायचं नाही. त्या रविवारांचा त्या पाच दिवसांशी संबंध होता असा दावा मी करणार नाही. एवढंच दिसतं की उमाळा आला तेव्हा हात तयार होता.

माझ्या वहीत आता काय असतं? पुष्कळसं अगदी साधं. नळ किती वाजता आले, वर्गात कोण गैरहजर, तुरीवर पडलेली अळी. एका पहाटे काहीच नव्हतं, तेव्हा मी मागच्या वावरात कापूस वेचायला येणाऱ्या मावशींचे हात लिहिले. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी नखाजवळची कातडी सोललेली, दोन बोटांना चिंधी गुंडाळलेली. कमरेच्या ओटीत पांढरा कापूस एकीकडे, डागी कवडी दुसरीकडे, आणि हे वेगळं करणं चालत्या हाताने, न बघता. ते हात मी कितीतरी हंगाम पाहत आले आहे. पण उजव्या हाताचीच बोटं बांधलेली असतात हे लिहायला बसले तेव्हाच ध्यानात आलं, कारण वाक्य पुरं करायला ते आठवावं लागलं.

एकदा कुंपणापलीकडून त्यांनी विचारलं, “मॅडम, रोज सकाळी काय लिवता जी तुमी?”

“असंच, मावशी. काल काय पाहिलं ते.”

“कोन वाचते?”

“कोणी नाही.”

“मंग?”

या ‘मंग’ला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, आणि उगाच जुळवलेलं उत्तर त्यांना द्यावं असंही वाटलं नाही. अजून ते मनात घेऊन फिरते. कुणी वाचणार नसेल तर मी लिहीन का? आज हो म्हणते. पण एखाद्या मासिकाचं स्वीकृतीचं पत्र आलं की त्या आठवड्यात माझी वही जास्त भरते, हेही खरं आहे.

दुसरी टोचणी याहून मोठी. माझा पहाटेचा तास मोकळा कसा राहतो? सासूबाई उठून चहा टाकतात, डब्याची कणीक मळतात, म्हणून. नियमित लिहिणाऱ्यांच्या चरित्रांत त्यांच्या चुलीपाशी कोण होतं ते क्वचितच येतं. म्हणून मला वर्ध्याजवळच्या पवनारचं ब्रह्मविद्या मंदिर महत्त्वाचं वाटतं. विनोबांनी १९५९ साली ते बहिणींसाठी सुरू केलं. तिथे झाडलोट, स्वयंपाक, शेतीचं काम बहिणींनी वाटून करायचं, आणि त्याच हातांनी ‘मैत्री’ मासिकही काढायचं. लिहिणारी एक आणि राबणारी दुसरी, असं नाही. घरात एवढं जमणार नाही, पण रविवारी मी ओट्याशी असते आणि सासूबाई निवांत पोथी वाचतात. त्या दिवशी वही दुपारी उघडते. एक तास माझा, तर एक तास त्यांचाही असला पाहिजे. हे लेखनाच्या नियमाबाहेरचं आहे असं मी मानत नाही.

पुढे एकदा मावशींना मी त्यांच्या हातांवरचं पान वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “काट्याचं नाई लिवलं.” वजनाचा काटा. संध्याकाळी वावरातच मोजणी होते, किलोप्रमाणे मजुरी ठरते, आकडा मालकाच्या वहीत चढतो. मावशींना तो वाचता येत नाही. म्हणून घरी गेल्यावर लेक भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात किलो लिहून ठेवते. रोज. बाजाराच्या आदल्या दिवशी हिशोब होतो तेव्हा तेच कॅलेंडर सोबत नेतात.

“आणि एखाद्या दिवशी लिहायचं राहिलं तर?” मी विचारलं.

“त त्या दिसासाठी भांडा लागते जी.”

ते कॅलेंडर बघायला त्यांनी मला येत्या रविवारी घरी बोलावलं आहे. लेकीशीही बोलायचं आहे, ती आठवीत आहे. जाऊन येईन आणि सोमवारी पहाटे काट्याचं लिहीन.