वेदनेचा पुरावा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा येथे गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते. एका तीरावर पांढुर्ण्याचे व दुसऱ्यावर सावरगावचे लोक उभे राहतात आणि दगडांचा वर्षाव सुरू होतो. कित्येक जखमी होतात. काही वर्षी प्राणही गेले आहेत. ही प्रथा असावी की नसावी, हा आमचा आजचा विषय नव्हे. आमचे लक्ष वेधते ते नदीकाठी उपचारासाठी बसलेल्या डॉक्टरांकडे. डोके फुटलेला माणूस समोर आला म्हणजे त्यास ‘तुला खरेच लागले आहे काय?’ असे कोणी विचारीत नाही. रक्त स्वतःच साक्ष देत असते.

परंतु ज्या वेदनेला रक्त नाही, तिची साक्ष कोणी द्यावी?

पांढुर्णा व सौसर हे दोन तालुके 2023 साली छिंदवाड्यापासून निघून वेगळा जिल्हा झाले. येथील बोलीत मराठी आहे, मळ्यांत संत्री आहेत, आणि आजार बळावला की वाट नागपूरची धरावी लागते. या साऱ्या मध्य भारतात, गोंडादी आदिवासींत आणि विदर्भातील काही पूर्वास्पृश्य समाजांत, सिकलसेल नावाचा रक्तदोष आढळतो. आईकडून व वडिलांकडून असे दोन्हीकडून तो आला, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत व सांध्यांत असह्य कळा उठतात. एकाच बाजूने आला, तर तो उलट हिवतापापासून काहीसे रक्षण करतो. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. यात कोणाच्या पापाचा वा जातीच्या हीनतेचा लवलेशही नाही. याच रोगाच्या निर्मूलनासाठी 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली.

या रोग्याची कळ बाहेरून दिसत नाही. अंगावर जखम नाही, सूज असेलच असे नाही. मळकट धोतराचा, अडखळत हिंदी बोलणारा एखादा गोंड बाप कळवळणाऱ्या मुलीला घेऊन दवाखान्याच्या दारी उभा राहिला, तर त्याच्या हाती एकच पुरावा असतो: ‘पोरीला फार दुखते’ हे त्याचे शब्द. त्या शब्दांचे वजन कशाने ठरते? दुःखाने, की बोलणाऱ्याच्या कुळाने?

हा प्रश्न केवळ आमच्याच देशाचा नव्हे. अमेरिकेत हाच रोग प्रामुख्याने कृष्णवर्णीयांना होतो, आणि कळांनी तळमळत असता आपल्यावर विश्वास ठेवला गेला नाही, नशेसाठी औषध मागतो असे समजले गेले, ही तेथील रोग्यांची जुनी तक्रार आहे. काळ्या माणसाची कातडी जाड असते यासारख्या खोट्या समजुती तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांतही टिकून असल्याचे 2016 सालच्या एका अभ्यासात दिसून आले. टस्कीगी येथे 1932 पासून 1972 पर्यंत शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश, औषध उपलब्ध झाल्यावरही, केवळ निरीक्षणासाठी वाढू दिला गेला.

तिकडे बोट दाखवून आम्हांस मोकळे होता येणार नाही. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र 1929 च्या डिसेंबरात ‘यंग इंडिया’त छापले गेले, डॉ. आंबेडकरांनी पुढे ते आपल्या आठवणींत घेतले. त्याची बाळंतीण पत्नी आजारी पडली. अस्पृश्यांच्या वस्तीत येणार नाही, या अटीवरच डॉक्टर आला. तिला वस्तीबाहेर आणवले. तापमापक त्याने एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याकडे व नवऱ्याने पत्नीकडे. परतीचा प्रवासही तसाच. फुप्फुसाचा दाह असल्याचे निदान झाले. ती बाई वाचली नाही. तेथे विद्या होती, औषध होते, दोन रुपये फीही पोचली होती. नव्हता तो केवळ स्पर्श.

आज तापमापक असा हातोहात फिरत नाही. परंतु अस्पृश्यता हाताची गेली, तरी कानाची गेली आहे काय? रोग्याचे म्हणणे अर्धवट ऐकून ‘या लोकांना सवयच असते’ असे म्हणणे, हाही एक विटाळच होय.

आमच्या न्यायशास्त्राने प्रत्यक्ष व अनुमान यांबरोबर शब्द हेही प्रमाण मानले आहे. ज्याला वस्तूचे साक्षात ज्ञान आहे आणि जे जाणतो ते तसेच सांगण्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायनांनी स्पष्ट म्हटले आहे की आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. मग स्वतःच्या वेदनेचे साक्षात ज्ञान रोग्यावाचून दुसऱ्या कोणाला असणार? त्या विषयापुरता निरक्षर गोंडही आप्तच आहे, आणि त्याचा शब्द प्रमाण आहे.

कोणी म्हणेल, रोगी खोटेही बोलतात. संशय हे वैद्याचे कर्तव्यच आहे. मान्य आहे. परंतु संशय घ्यावा तो वेदनेच्या कारणाविषयी, आणि तो सर्वांविषयी सारखा. एकाच्या कण्हण्यावर धावपळ व दुसऱ्याच्या कण्हण्यावर उलटतपासणी, आणि दोहोंतील भेद केवळ जन्माचा, ही चिकित्सा नव्हे. तो अन्याय आहे. चरकाने वैद्यवृत्तीत मैत्री व कारुण्य यांना प्रथम स्थान दिले, ते उगाच नव्हे.

सौसरजवळ जामसावळी येथे निद्रिस्त मारुतीचे देवस्थान आहे. मनाने खचलेली, बाधेने पछाडलेली मानलेली माणसे तेथे आणली जातात. देवस्थान हा औषधाला पर्याय नव्हे. वेड्या माणसाला वैद्य हवाच. तरीही ही माणसे तेथे का जातात, याचा विचार आम्ही करावयास हवा. तेथे दुःख सिद्ध करावे लागत नाही, हे त्याचे एक कारण असेल. आपल्या कोकण-गोमंतकातील देवळांतही गाऱ्हाणे घातले जाते. देव त्यास पुरावा मागत नाही. मात्र याच देवळांच्या पायऱ्यांवरून किती जणांची गाऱ्हाणी आपण शतकानुशतके परतविली, तेही आम्ही विसरू नये.

आमच्यापैकी अनेकांच्या घरी डॉक्टर मुले आहेत. आमच्या देणग्यांवर कित्येक दवाखाने चालतात. तेथे खाटा किती, यंत्रे किती, हे आम्ही विचारतो. त्याबरोबर आणखी एक विचारावे: दारात येणाऱ्या शेवटच्या माणसाचे गाऱ्हाणे येथे पहिल्याइतकेच ऐकले जाते काय? सर्वांभूती एकच आत्मा आहे असे आम्ही नित्य म्हणतो. दुसऱ्याला दुखते, हे त्याच्या शब्दावर मानणे, ही त्या श्रद्धेची पहिली आणि बहुधा सर्वांत कठीण परीक्षा होय.