दिल्या घरी

मावशीच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली, एक शंभर पानी वही आहे. पुढून किराण्याचा हिशेब आणि मागून, शेवटच्या पानापासून उलटी लिहीत आलेली, वाटणी. 'पाटल्या – दादाच्या धाकटीला. फ्लॅट – तिलाच. पोस्टातले – निम्मे दादाच्या नातवाच्या शिक्षणाला. शिवणयंत्र – कामाच्या बाईंना.' खाली सही, तारीख आणि प्रगतिपुस्तकावर मारतात तशी दुहेरी रेघ. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवत होती. लग्नाला दीड वर्ष होतं न होतं तोच काका गेले. मूलबाळ नव्हतं. वर्षश्राद्धाच्या आत ती माहेरी आली, ती कायमचीच. वही माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "सगळं लिहून ठेवलंय बाबा. मागाहून तुम्हाला घोर नको."

लिहिलं होतं खरं. पण कायद्याच्या लेखी तिने काहीच लिहिलं नव्हतं. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, वकीलही लागत नाही. वहीचं पान चालतं. लागतात ते दोन साक्षीदार: ज्यांच्यासमोर तिने सही केली किंवा 'ही माझीच सही' असं सांगितलं, आणि ज्यांनी तिच्यासमोर आपल्या सह्या केल्या. अक्षर मावशीचंच, हे अख्खी आळी सांगेल. तरी त्या दोन सह्यांची जागा भरून निघत नाही. उद्या ती गेली, तर मृत्युपत्र न करता गेली असंच धरलं जाणार. मग वही गप्प बसणार आणि बोलणार तो १९५६चा हिंदू वारसा कायदा. त्याचं कलम १५.

ते मी तिला वाचून दाखवलं. बाईच्या मागे पहिला हक्क मुलांचा आणि नवऱ्याचा. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांचा. तेही नसतील तर मग तिच्या आईवडिलांचा. भाऊ, भाची त्यांच्याही मागे, 'वडिलांचे वारस' म्हणून चौथ्या रांगेत.

"नवऱ्याचे वारस म्हणजे कोण?" मावशीने विचारलं.

"काका आत्ता गेले असं धरायचं आणि त्यांचे वारस मोजायचे. सासू-सासरे आता नाहीत, म्हणजे दीर आणि नणंदा. ते नसले तर त्यांची मुलं."

"धाकट्या दिरांचा मुलगा मला रस्त्यात भेटला तर ओळखायचा नाही रे."

कायदा ओळख विचारत नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

आपल्याकडे मुलीची पाठवणी करताना 'दिल्या घरी सुखी राहा' म्हणतात. कलम १५ने त्यातला 'दिल्या' तेवढा अक्षरशः घेतला आणि 'सुखी' सोडून दिला. बाई एकदा दिली की ती त्या घरची. तिथे ती नांदली का, तिला नांदवली का, हे प्रश्न त्या कलमात उगवतच नाहीत. बापयाची यादी याच कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. तो मूलबाळ नसताना गेला तर बायको आणि आई बरोबरीने, पुढे वडील, भावंडं, पुतणे, भाचे. त्याच्या सासरचं एकही माणूस त्या यादीत नाही. त्याला कुणी कुठे दिलेलं नसतं ना!

गंमत अशी की याच्या अलीकडचंच कलम, १४ वं, बाईसाठी खरोखर मोठं होतं. त्याआधी हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हयातीपुरताच हक्क असे. खावं-प्यावं, पण विकू नये, कुणाला देऊ नये. कलम १४ने तिला पूर्ण मालकीण केलं. पण ती मालकीण न लिहिता मेली तर काय, याचं उत्तर देताना कायदा पुन्हा जुन्या माजघरात जाऊन बसला. माहेरून वारशाने आलेलं, मुलं नसतील तर, माहेरी परत जावं. नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून वारशाने आलेलं सासरी राहावं, एवढा विचार त्यात आहे. तिने स्वतः मिळवलेल्या पैशाचा मात्र वेगळा विचार नाही. बाई चाळीस वर्षं हजेरीपटावर सही करील, तिचा प्रॉव्हिडंट फंड साठेल, हे बहुधा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नव्हतं.

ते डोळ्यांपुढे आलं २००९ मध्ये. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हा सर्वोच्च न्यायालयातला खटला. १९५५ मध्ये लग्न झालेल्या एका मुलीचा नवरा तीन महिन्यांच्या आत साप चावून गेला. सासरच्यांनी तिला बाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, तिला नोकरी लागली. १९९६ मध्ये ती वारली तेव्हा बँकेत आणि प्रॉव्हिडंट फंडात बरी रक्कम होती, मृत्युपत्र नव्हतं. आईने वारस दाखल्यासाठी अर्ज केला. समोर उभे राहिले नवऱ्याच्या बहिणीचे मुलगे. पैसे त्यांना मिळाले. तिच्या वाट्याला आलेलं दुःख न्यायालयाला दिसत होतं, पण कलमात त्याला रकाना नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी जे दार तिच्या तोंडावर लागलं, त्याच दारातून तिची कमाई आत गेली.

त्याच्या आदल्याच वर्षी, २००८ मध्ये, विधि आयोगाने २०७व्या अहवालात सुचवलं होतं की अशा स्वकमाईवर सासर-माहेर दोन्हीकडच्या वारसांना हक्क असावा. सुचवणं सुचवण्यापाशी राहिलं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये केली. कलम १५चा हा क्रम तसाच राहिला. (हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापुरतं. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी यांचे नियम निराळे, आणि गोव्यात तर पोर्तुगीज काळापासूनचा वेगळाच संसार: तिथे मुलं असतील तर आपल्या निम्म्या मालमत्तेवरच मृत्युपत्र चालतं.)

अजून एक बारीक काटा आहे. माहेरचं परत माहेरी, हा नियम फक्त 'वारशाने' आलेल्याला. वडिलांनी हयातीत बक्षीसपत्र करून दिलेली जागा वारशाची नव्हे. ती तिची स्वतःची, म्हणून तिच्यामागे सासरच्या रांगेत. बाप मायेने आधी देतो, आणि आधी दिल्यामुळेच ते परकं होतं.

मावशी म्हणाली, "बँकेत मी धाकटीचं नाव नॉमिनी म्हणून घातलंय. मग?"

निम्मा महाराष्ट्र याच 'मग'वर निर्धास्त झोपतो. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे तो माणूस. हात त्याचा, हक्क वारसांचा. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ मध्येच सांगितलं. दिरांच्या मुलाने दावा केला तर धाकटीला ते पैसे काढून द्यावे लागतील.

रविवारी सकाळी मावशीने कोरं पान घेतलं. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आणि शाळेतल्या जुन्या बाई साक्षीला आल्या. मजकूर वहीतलाच, पण पाटल्यांपाशी ती थांबली. एक पाटली धाकटीला लिहिली. दुसरी जाऊबाईंच्या नातीला.

"सासरी?" मी म्हटलं. "तुला तिथून हाकललं होतं ना?"

"मी निघाले तेव्हा जाऊबाईंनी कुणाला कळू न देता दशम्यांचं पुडकं पिशवीत घातलं होतं माझ्या," ती म्हणाली. "एस.टी.त बसल्यावर सापडलं."

तिने सही केली. मग पोस्टमास्तरांनी, मग बाईंनी. पेन परत हातात आल्यावर मावशीने खाली दुहेरी रेघ मारली.