वाट पाहण्याचे कर्म

इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला. माग थांबला की नुकसान, हे तेव्हापासून या गावात कुणाला शिकवावे लागलेले नाही. अशा गावातल्या घरात डॉक्टरांनी सांगितले की ‘पोटातली महाधमनी साडेचार सेंटिमीटरपर्यंत फुगली आहे, पण आत्ता ऑपरेशन नको’, तर ते उत्तर पटणे कठीण. दुखणे सापडले आहे, इलाज ठाऊक आहे, मग हातावर हात धरून का बसायचे? हा प्रश्न दवाखान्यात विचारला जातो, पण तो मुळात धर्मचिंतनाचा आहे: न करणे हेही कर्म असू शकते का? माझ्या मते असू शकते, पण त्याला अटी आहेत.

ही धमनी एरवी साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. तीनच्या पुढे गेली की फुगवटा म्हणतात. वयस्कर पुरुषांत, त्यातही विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, तो अधिक आढळतो आणि फुटला तर बहुतेक जण वाचत नाहीत. म्हणून वेळीच शस्त्रक्रिया करावी असे वाटणे स्वाभाविक आहे. साधनही हाताशी आहे. १९५०च्या दशकात ह्यूस्टनमध्ये मायकेल डीबेकी यांनी डेक्रॉन या पॉलिस्टर कापडाची नळी शिलाई मशीनवर शिवली होती. आजही धमनीच्या जागी बहुतेकदा पॉलिस्टरचीच नळी बसवतात. पण कापड तयार आहे म्हणून ते लगेच वापरावे, असे ठरत नाही. चार ते साडेपाच सेंटिमीटरचे फुगवटे असलेल्या १०९० रुग्णांवरचा ब्रिटिश अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ५.८ टक्के महिन्याभरातच दगावले आणि सहा वर्षांनी हा गट आणि नुसत्या नजरेखाली ठेवलेला गट, या दोन्हींतले मृत्यूचे प्रमाण सारखेच निघाले. २००२च्या अमेरिकी अभ्यासात, नजरेखाली ठेवलेल्यांत फुगवटा फुटण्याचे प्रमाण वर्षाला ०.६ टक्के होते. त्यांच्यापैकी साठ टक्क्यांहून अधिक जणांची शस्त्रक्रिया पुढे झालीच, पण गरज पडली तेव्हा.

गीतेच्या चौथ्या अध्यायात अकर्मातले कर्म ओळखणाऱ्याला बुद्धिमान म्हटले आहे. इचलकरंजीच्या कोल्हापूर जिल्ह्यात मोठ्या संख्येने असलेल्या जैन समाजाच्या आचारातही पाच समितींबरोबर तीन गुप्ती येतात. समिती म्हणजे जपून वागणे. गुप्ती म्हणजे मन, वाणी आणि काया आवरून धरणे. हे आवरणेही साधनेतच जमा धरले जाते. मात्र आवरणे आणि सोडून देणे एक नव्हे. आवरणाऱ्याकडे माप असते, पुढच्या तपासणीची तारीख असते आणि कुठवर थांबायचे याची रेघ असते. पुरुषांसाठी ती साडेपाच सेंटिमीटर, बायकांसाठी पाच. यातले काहीच नसेल, तर त्या वाट पाहण्याला नशिबाचे नाव दिलेली हयगय म्हणावे.

कुणी म्हणेल, वाट पाहताना ज्याची धमनी फुटली त्याच्या घरच्यांना या टक्केवारीचा काय उपयोग? काहीच नाही. पण घाईच्या शस्त्रक्रियेत दगावलेल्याच्या घरच्यांनाही नाही. तिथे ‘प्रयत्न तर केला’ म्हणून मनाची समजूत पटते, इथे दोषी शोधला जातो. हा फरक आपल्या मनाचा आहे. निर्णय फळावरून नव्हे, त्या वेळी जे कळू शकत होते त्यावरून जोखावा.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. त्या अभ्यासांतल्या रुग्णांना वेळेवर बोलावणारे कुणीतरी होते. ब्रिटनमध्ये तर पुरुषांना पासष्टाव्या वर्षी तपासणीचे बोलावणे येते आणि फुगवटा साडेचारच्या पुढे गेला की दर तीन महिन्यांनी माप घेतात. मागावरच्या कामगाराची पाळी बुडाली की मजुरी बुडते. तो दर तीन महिन्यांनी सोनोग्राफीला जाईल, हे गृहीत कसे धरायचे? हा आक्षेप मला मान्य आहे. माप घेण्याची खात्री नसेल तिथे हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पण त्यावरून सगळ्यांची पोटे लवकर उघडावीत असे निघत नाही. निघते ते एवढेच, की हे कर्म एकट्या रुग्णाचे नाही. त्याला बोलावणाऱ्याचे आणि त्याची पाळी सांभाळून घेणाऱ्याचेही आहे. ताण्याचा धागा तुटतो का, यावर डोळा ठेवून चालत्या मागाशी उभ्या असलेल्या माणसाला हे गाव रिकामा म्हणत नाही. तोच माणूस स्वतःच्या धमनीवर डोळा ठेवायला गेला, तर तेही कामच धरले पाहिजे.