मुलाच्या नकाराचे मोल



आमच्या ११ वर्षांच्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे आणि तो स्वमग्नही आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. दिवसातून चार वेळा इन्सुलिन, आणि त्याहून अधिक वेळा बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर तपासणे, असा त्याचा दिनक्रम आहे. तो मोजकेच शब्द बोलतो. त्यांतला सर्वांत स्पष्ट शब्द 'नाही' हा आहे. सुई दिसली की तो 'नाही' म्हणतो, हात मागे घेतो. मग एकाने त्याला धरायचे आणि दुसऱ्याने टोचायचे. ज्याच्यावर जीव लावला त्याच्यावरच रोज बळजबरी करणे योग्य आहे का, हा प्रश्न आमच्या घरात रोजचाच आहे.

एका अर्थी उत्तर सोपे आहे. इन्सुलिन तोंडावाटे देता येत नाही, कारण ते पोटात पचून जाते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. त्यापूर्वी अशा मुलांना अर्धपोटी ठेवून त्यांचे आयुष्य थोडे लांबवणे एवढेच आईवडिलांच्या हाती होते. आपल्या नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली ड्रीम ट्रस्टची स्थापना केली, ती गरीब घरांतील मधुमेही मुलांना इन्सुलिन मिळावे म्हणूनच. जी सुई आमचा मुलगा दूर लोटतो, ती परवडत नाही म्हणून रडणारे आईबापही आहेत. तेव्हा सुई द्यायचीच, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

पण सुई द्यायचीच म्हणून त्याच्या 'नाही'ला काहीच किंमत उरत नाही का? खरी कसोटी येथे आहे. 'तुझ्या भल्यासाठीच' असे म्हणून धरण्याची सवय हाताला लागली, तर हात तेवढ्यावर थांबत नाही. जेवताना, केस विंचरताना, पाहुण्यांपुढे बसवताना तीच बळजबरी सोयीची वाटू लागते. 'त्याला काय कळते?' हे म्हणणे सोपे असते.

येरीहोच्या वाटेवरील आंधळा बार्तीमय आपल्याला माहीत आहे. त्याला काय हवे होते ते सर्वांना दिसत होते. तरीही येशूने आधी त्यालाच विचारले. दुसऱ्याची गरज आपल्याला कळली, तरी त्याला विचारण्याचे आपले कर्तव्य संपत नाही.

म्हणून जेथे निवड देता येते तेथे आम्ही ती देतो. कोणते बोट, मांडी की पोट, आईने टोचायचे की बाबांनी, हे तो चित्रावर बोट ठेवून ठरवतो. 'दुखणार नाही' असे खोटे आम्ही सांगत नाही. थोडे दुखेल असेच सांगतो. रात्री तो झोपलेला असताना साखर तपासावी लागते, तेही दिवसा चित्र दाखवून सांगून ठेवतो. एवढे करूनही एखाद्या दिवशी त्याला धरावेच लागते. पण त्याला विचारून झालेले असते.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, चिडचिड होते. 'मला कसेतरी होते आहे' हे आमच्या मुलाला सांगता येत नाही. तो ताट सरकवतो, रडतो, 'नाही' म्हणतो. पाहणाऱ्याला तो हट्ट वाटतो. प्रत्यक्षात तो धोक्याचा इशारा असू शकतो. ज्या मुलाचा नकार कधीच कोणी ऐकला नाही, ते मूल एक दिवस नकार देणेच सोडून देईल. मग हा इशारा आपल्याला कोण देणार?

या कामी आपल्या धर्मग्रामाचीही आम्हाला गरज आहे. इतवारीत शेजारधर्म मोठा. मूल दिसले की कोणी पेढा देतो, कोणी संत्रा बर्फी. कृपया आधी आम्हाला विचारा. मिस्सा चालू असताना एखादे मूल ग्लुकोजचे पाणी पिताना दिसले तर त्याला बेशिस्त समजू नका. कम्युनियनपूर्वीच्या एका तासाच्या उपवासातून चर्चने आजारी माणसांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना सूट दिली आहे. शांतीचे चिन्ह देताना मुलाने हात मागे घेतला, तर रागावू नका, हात ओढूही नका. लांबूनच नमस्कार करा. गालाला हात लावण्यापूर्वी क्षणभर थांबा.

सुईच्या वेळी आम्हाला त्याचे 'नाही' मान्य करता येत नाही. म्हणूनच दिवसभरातल्या इतर वेळी ते अधिक काळजीने ऐकणे, हे त्याचे आमच्यावर ऋण आहे. आपण सर्वांनी मिळून ते थोडेथोडे फेडूया.