परीटघडी आणि प्रत्यवाय

रविवारी दिवेलागणीच्या सुमारास, आठवड्याचे धुतलेले कपडे पलंगावर मांडून त्यांना इस्त्री करण्याचे काम आमच्या घरी गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे. आणि सदऱ्यावर पाणी शिंपडून, आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या आणि सर्वांत शेवटी पाठ असा क्रम सांभाळीत असताना ज्या प्रश्नाने मला वारंवार गाठले, तो येथे मांडावा असे वाटते. प्रश्न असा की, हे कर्म कोणत्या जातीचे? बांधलेले घर पिढ्यान्‌पिढ्या उभे राहते, लिहिलेला कागद निदान दप्तरात तरी पडून राहतो; परंतु सकाळी परीटघडी मोडून अंगात घातलेला सदरा दिवस मावळेपर्यंत चुरगळून घरी येतो, आणि ज्या हातांनी तो काल सरळ केला त्याच हातांची वाट पाहत दांडीवर पडतो.

पूर्वमीमांसेने कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले आहेत. त्यांपैकी नित्यकर्माचे लक्षण असे सांगतात की, ते केल्याने काही विशेष फळ पदरात पडत नाही, परंतु न केल्यास मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. संध्यावंदनासारख्या विधींना लावलेले हे लक्षण घरकामाला जितके तंतोतंत लागू पडते, तितके ते खुद्द संध्येला तरी पडत असेल की नाही याची मला शंका आहे. केर काढला म्हणून कोणी कोणाचे अभिनंदन केलेले ऐकिवात नाही. तो राहिला की मात्र आल्यागेल्याची दृष्टी नेमकी त्या कोपऱ्याकडे वळते. सदऱ्याला इस्त्री असली तर ती दिसत नाही, नसली तर साऱ्या कचेरीला दिसते. आणि विशेष हे की, तो दोष सदरा घालणाऱ्याच्या माथी न बसता, ‘घरी कोणी पाहणारे नाही का?’ या एका वाक्याने, त्या कचेरीत कधीही पाऊल न टाकलेल्या व्यक्तीच्या माथी बसतो. नित्यकर्म एकाचे आणि त्याचा प्रत्यवाय दुसऱ्याला, अशी व्यवस्था कोणत्याही शास्त्रात माझ्या पाहण्यात नाही. आपल्या घरांतून ती पिढीजात वतनासारखी चालत आली आहे.

माझ्या घरीही ती चालली. लग्नानंतरची पहिली सतरा वर्षे मी पहाटे उठून गीतेचा एक अध्याय म्हणत असे, आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीत माझी पत्नी, जिला साडेदहाच्या आत स्वतःच्या शाळेत वर्गावर हजर व्हायचे असे, माझ्या सदऱ्यावरून इस्त्री फिरवीत असे. फळाची आशा न धरता कर्म करावे हे मी मोठ्याने म्हणत होतो. ते करीत होती ती. ज्यांना शतकानुशतके वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला, त्यांच्याच हाती त्या अध्ययनाचे सर्वांत कठीण आचरण सोपवले गेले, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली, आणि ती उमगल्यापासून त्या अध्यायाचा उच्चार मला पूर्वीसारखा सहज करता आलेला नाही.

मनुस्मृतीच्या ३ऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील हिंसेची पाच स्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर. या पाच ठिकाणी नकळत जीवहत्या घडते, आणि तिच्या क्षालनासाठी गृहस्थाने रोज पंचमहायज्ञ करावेत, असा तो विधी आहे. हे वचन बारकाईने पाहिले तर त्यात ती पाचही स्थाने गृहस्थाची म्हणून गणलेली आढळतात, गृहिणीची म्हणून नव्हे. चूल त्याची, केरसुणी त्याची, घागर त्याची. म्हणूनच प्रायश्चित्तही त्याचे. पुढे वहिवाट अशी पडली की, प्रायश्चित्ताचा मान त्याने आपल्याकडे ठेवला आणि चूल, केरसुणी व घागर तेवढी तिच्या नावे करून दिली. ज्या केरसुणीला आपण कधी हात लावला नाही, तिच्यापायी घडलेल्या पापाचे क्षालन आपण कोणत्या अधिकाराने करतो, हा प्रश्न त्या वहिवाटीत कोणी विचारल्याचे दिसत नाही.

याहून जुना आणि याहून निर्मळ असा एक दाखला ऋग्वेदाच्या ८व्या मंडलातील ३१व्या सूक्तात आहे. तेथे एकमनाने सोम पिळणारे आणि तो धुऊन स्वच्छ करणारे दंपती वर्णिले आहेत, आणि दोन्ही क्रियापदे द्विवचनी आहेत: पिळतात ती दोघे, धुतात ती दोघे. ‘दंपती’ या शब्दाचा मूळ अर्थही घराचे दोन धनी असाच आहे. जैमिनींनी मीमांसासूत्रांच्या ६व्या अध्यायात पत्नीला यज्ञाचा अधिकार आहे की नाही याचा ऊहापोह करून, पतिपत्नींनी तो एकत्रच करावा असा निर्णय दिला. प्रत्यक्ष विधीत तिच्या वाट्याला फार थोडे ठेवले हे खरे, आणि ते मी झाकून ठेवू इच्छीत नाही. तथापि कर्ता एक नसून दोन आहेत हे तत्त्व तरी त्यांनी मान्य केले.

आता आपल्या बोलीकडे पाहू. मराठी स्त्री आपल्या पतीचा उल्लेख ‘आमचे यजमान’ असा करते. यजमान म्हणजे जो स्वतः यज्ञ करतो, ज्याचा तो यज्ञ आहे, तो. परंतु हेच यजमान घरातील एखादे काम करून उठले की, ‘मी हिला मदत केली’ असे सांगतात. जो दुसऱ्याच्या यज्ञात मदत करतो तो यजमान नव्हे, तो ऋत्विज. आणि ऋत्विजाला श्रमांबद्दल दक्षिणा द्यावी लागते. दोन सदऱ्यांना इस्त्री केल्यावर मी काही काळ घुटमळत असे, कोणीतरी ‘छान झाली’ म्हणावे म्हणून. ती माझी दक्षिणा होती. ती मिळेपर्यंत माझे कर्म मला पुरे झाल्यासारखे वाटत नसे, आणि ती घेतल्याबरोबर ते कर्म माझे उरत नसे.

काही विचारी माणसे येथे स्वधर्माचा मुद्दा काढतात: घर हा स्त्रीचा स्वधर्म, बाहेरचे जग पुरुषाचा. स्वयंपाकाविषयी हा वाद वाटल्यास घालावा, कारण तो साऱ्यांसाठी होतो. परंतु सदरा एकाच अंगावर चढतो. ज्याच्या अंगाला तो लागतो त्याच्याहून अधिक जवळचा असा त्या सदऱ्याचा धर्म दुसऱ्या कोणाचा असू शकेल?

गांधीजींनी आपल्या आत्मकथेत इस्त्रीची हकीकत मोकळ्या मनाने सांगितली आहे. डर्बनमध्ये धोब्याचा खर्च आणि विलंब या दोहोंना कंटाळून त्यांनी धुण्याचे सामान आणले, त्या विषयावरचे पुस्तक वाचले, कला आत्मसात केली आणि ती कस्तुरबांनाही शिकविली. पहिल्या कॉलरला खळ जास्त झाली, इस्त्री पुरेशी तापली नाही, आणि कोर्टात ती खळ गळू लागली; सहकारी हसले, पण त्यांना त्याचे काही वाटले नाही. पुढे १९१२ साली गोखले दक्षिण आफ्रिकेत आले असता, न्यायमूर्ती रानड्यांनी भेट दिलेले त्यांचे जिवापाड जपलेले उपरणे जोहान्सबर्गच्या समारंभापूर्वी चुरगळलेले आढळले. वकील म्हणून तुमच्यावर विश्वास आहे, धोबी म्हणून नाही, अशा आशयाचे गोखले बोलले. तरी गांधीजींनी हट्ट धरला, इस्त्री केली, आणि ती पसंतीला उतरली.

हा प्रसंग मी अनेकांना आनंदाने सांगत आलो. परंतु त्याच ग्रंथात, त्याच डर्बनमधील १८९८ सालचा दुसरा प्रसंग आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पहिला सांगू नये असे आता मला वाटते. घरी राहणाऱ्या एका कारकुनाचे मूत्रपात्र कस्तुरबा डोळ्यांत पाणी आणून उचलीत होत्या. हे काम गांधीजी स्वतःही करीत असत. श्रमांच्या वाटणीत अन्याय नव्हता. पण त्यांना कस्तुरबांनी ते हसतमुखाने करावयास हवे होते. त्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि त्यांनी पत्नीला हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेले. तिथे तिने लाजेची आठवण करून दिली तेव्हा ते भानावर आले. कामाची वाटणी समान असूनही येथे सहधर्म नव्हता, कारण ऋग्वेदातील त्या दंपतीचे एकमन येथे हुकुमाने आणण्याचा प्रयत्न होता. कर्म वाटून घेता येते. दुसऱ्याने ते कोणत्या मनाने करावे, यावर आपला हक्क पोहोचत नाही. गांधीजींनी हे स्वतःच लिहून ठेवले, यासाठी त्यांच्याविषयीचा माझा आदर उपरण्याच्या गोष्टीपेक्षा या गोष्टीने अधिक वाढला.

आपल्या संतपरंपरेने या बाबतीत मोठे धाडस केले आहे. नामदेवांच्या घरी दासी असलेल्या जनाबाईबरोबर विठ्ठल जात्यावर बसला. पैठणला एकनाथांच्या वाड्यात तो श्रीखंड्या होऊन बारा वर्षे पाणी भरीत राहिला, आणि ओळख पटली तेव्हा तेथे नव्हता. त्याने दक्षिणेसाठी घुटमळावे असे त्या कथेत कोठेही नाही. मला मात्र जनाबाईच्या कथेपाशी थांबून राहावे लागते. एका बाईचे दळण हलके व्हावे म्हणून साक्षात पंढरीच्या रायाला विटेवरून उतरावे लागले. त्या भरल्या घरात तोवर दुसरा हात खुंट्याला का लागला नव्हता?

आज रविवार आहे. सदरे झाले, मुलीचे कपडे तिने स्वतः केले. शेवटी राहिली ती पत्नीची खळ केलेली सुती साडी. तिची घडी एकट्याला नीट घालता येत नाही. पदराकडची दोन टोके ती धरते, दुसरी मी. आम्ही मागे सरकून ताण देतो, मग एकमेकांकडे चालत येतो, माझ्या हातातील टोके तिच्या हातात जातात, आणि खाली लोंबणारी घडी उचलण्यासाठी मी पुन्हा वाकतो.