तट, डोळे आणि दिंडी

अंधारात दोरी पडलेली असते. आपण तिला साप म्हणतो आणि काठी शोधू लागतो. कीर्तनातला हा दृष्टांत आपल्या ओळखीचा. त्यातले एक मर्म मात्र निसटून जाते. हातात काठी दिली ती दोरीने नव्हे, 'साप' या शब्दाने.

मागे मुरबे गावी जाणे झाले, तेव्हा हे पुन्हा आठवले. खाडीपलीकडे सातपाटी, उत्तरेस १९६९ साली सुरू झालेले तारापूरचे अणुवीज केंद्र, आणि गावाचे पोट समुद्रावर. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी समुद्रातून मुंबईत उतरले. त्यासाठी त्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावली, तिच्यावरचे खलाशी मारले. तेव्हापासून किनाऱ्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. खलाशांना ओळखपत्रे आली, होड्यांना राज्याराज्याचे रंग आले, 'सागर कवच' नावाच्या कवायती होऊ लागल्या. यातले पुष्कळसे हवेच होते. त्याविषयी आमचा वाद नाही.

वाद शब्दाचा आहे. आपल्या मराठीत तट म्हणजे किनारा आणि तट म्हणजे किल्ल्याची भिंतही. 'तटरक्षण' म्हणताना मनात कुठला तट असतो? भिंत मनात आली की दरवाजा आला, पहारेकरी आला. आणि पहाटे जाळे घेऊन निघालेला कोळी हा दरवाजातून ये-जा करणारा, झडती घेण्याजोगा इसम ठरला. बरे, भिंतीचा तरी भरवसा काय? तारापूरचा किल्ला तट असूनही १७३९ साली मराठ्यांनी घेतलाच की! मग सातशे किलोमीटरांहून लांब किनाऱ्याला कसली भिंत नि कसला दरवाजा?

दुसरा शब्द सभांतून ऐकू येतो: मच्छीमार हे किनाऱ्याचे डोळे आणि कान. हा पुष्कळ बरा. कुलाब्याला त्या रात्री होडीतून उतरलेले अनोळखी तरुण प्रथम दिसले ते तिथल्या कोळीवस्तीतल्या माणसांनाच. पण मुरब्याच्या बंदरावर एका वृद्ध नाखव्यांनी आम्हांस विचारले, "माउली, डोळे आमचे, कान आमचे. मग तोंड कुनाचं?" आम्ही निरुत्तर झालो. डोळ्याने पाहावे नि सांगावे. ठरवायचे ते डोक्याने. शिवाय स्वतःच्याच डोळ्याची झडती कोण घेतो? सकाळी ज्याला डोळा म्हटले, त्यालाच संध्याकाळी संशयित म्हणून धक्क्यावर ताटकळत ठेवले, तर उद्या काही वावगे दिसल्यास तो सांगायला धावेल काय?

आमच्या मनात आपली दिंडी येते. तिला भिंत नाही. पुढचा-मागचा ओळखीचा असतो, नवखा दिसला की "कुठले, माउली?" असे विचारतात, भाकरी देतात आणि लक्षही ठेवतात. पण खरे सांगायचे तर गळ्यात माळ घालून खिसे कापणारेही वारीत शिरतात, आणि सगळ्यांस माउली म्हणण्याच्या सवयीने ते आपल्याला ओळखू येत नाहीत. म्हणजे आमचाही दृष्टांत काही दाखवतो, काही झाकतो.

हे आम्ही नाखव्यांना सांगितले. ते हसले. "तरी तुमी इचारता ना, कुठले म्हनून," एवढे बोलून ते पुन्हा जाळे शिवायला बसले.