गाडीला काय लागतं?

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळात कुंभारी येतं. अशा रस्त्याकडेच्या ऑइलच्या दुकानात सकाळी शटर वर गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "नव्वद नंबर कितीला?" विचारणाऱ्याकडे जुनी जीप असते, बोलेरो असते, नाहीतर पुढच्या चाकांनाही ओढ असलेला ट्रॅक्टर असतो. दुकानदार दोन-तीन डबे काढून समोर मांडतो. एक सरकारी कंपनीचा, एक परदेशी नावाचा, एक कधी न ऐकलेल्या नावाचा. "मालक, कुठलं देऊ?" हातात पैसे कमी असले तर बोट सगळ्यांत स्वस्त डब्याकडे जातं. नुकतीच उसाची पट्टी जमा झाली असली तर सगळ्यांत महागाकडे. दोन्ही वेळा भावाची चौकशी नीट होते. गाडीला मुळात काय लागतं, हे विचारायचं मात्र राहून जातं.

फोर बाय फोर गाडीत गिअरबॉक्सला लागून आणखी एक लहान पेटी असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. इंजिनची ताकद मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही वाटून देणं हे तिचं काम. दुसऱ्या महायुद्धात विलिज जीप चिखलातून आणि वाळूतून निघाली ती याच पेटीमुळे. पुढे स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत ज्या जीप जोडायला घेतल्या, त्याही विलिजच्याच. लष्कराच्या लिलावातून आलेल्या अशा जुन्या जीप अजून अधूनमधून रस्त्यावर दिसतात. काळ्या रानात पाऊस झाला की पाणंदीतून गाडी काढताना पेटीची आठवण होते. एरवी वर्षभर कुणी तिच्याकडे बघत नाही. इंजिनचं ऑइल बघायला काडी असते. या पेटीला बहुतेक गाड्यांत काडी नसते. बाजूला धुळीने माखलेला एक नट असतो. गाडी सपाट जागी लावून, खाली वाकून, पाना लावून तो उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. भरायच्या भोकाच्या काठापर्यंत ऑइल असलं की पुरे. एवढ्यासाठी कोण वाकतो? आणि न वाकताही गाडी पुष्कळ दिवस चालतेच, म्हणून आणखीच विसर पडतो.

आता डब्यावरचे आकडे. नव्वद नंबर म्हणजे इंजिनच्या चाळीस नंबरापेक्षा दुप्पट जाड, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आणि इंजिन ऑइलची वेगळी. तापलेल्या अवस्थेत, म्हणजे 100 अंशांवर, नव्वद नंबर गिअर ऑइल साधारण चाळीस-पन्नास नंबर इंजिन ऑइलइतकंच जाड असतं. दुसरा आकडा जीएल-4 आणि जीएल-5 असा असतो. इथं तर पाच हा चारपेक्षा वरचा, म्हणून चांगला, असं धरूनच पैसे मोजले जातात. खरं म्हणजे जीएल-5 हे मागच्या चाकांच्या आसावरच्या हौसिंगमधल्या, एकमेकांवर घासत फिरणाऱ्या दात्यांसाठी आहे. त्यात गंधक आणि फॉस्फरसची मात्रा जास्त असते. दाब पडला की त्याचा पातळ थर दात्यांवर बसतो आणि पोलाद वाचतं. पण काही पेट्यांत पितळेच्या किंवा काशाच्या चकत्या आणि रिंगा असतात. तोच गंधक त्यांना हळूहळू खातो. अलीकडे काही जीएल-5 ऑइलं पितळेला सांभाळून बनवतात, हेही खरं. पण तसं डब्यावर लिहिलेलं असेल आणि गाडीच्या पुस्तिकेला ते चालत असेल तरच. काही नव्या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये साखळी असते. तिथे नव्वद नंबर मुळी चालतच नाही, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल लागतं. ऑइल ब्रेकच्या ट्रॅक्टरची गोष्ट आणखी निराळी. त्यात बहुधा गिअर, हायड्रोलिक आणि ब्रेक एकाच ऑइलवर चालतात, आणि ते खास त्याच कामाचं असावं लागतं. साधं नव्वद नंबर ओतलं की ब्रेक कुरकुरतात आणि मग खर्च ऑइलचा राहत नाही. थोडक्यात, महाग डबाही चुकीचा असू शकतो आणि स्वस्त डबा अगदी बरोबर.

पैसे वाचवायची जागाही इथेच सापडते. डब्यावर 75डब्ल्यू-90 लिहिलेलं असलं की तो सहसा सिंथेटिक असतो आणि महाग असतो. त्यातला 75डब्ल्यू हा थंडीचा आकडा आहे. ते ऑइल शून्याखाली 40 अंशांच्या गारठ्यातही हलतं की नाही, याची परीक्षा झालेली असते. 80डब्ल्यूची परीक्षा शून्याखाली 26 अंशांवर होते. लडाखमध्ये द्रासला गाडी उभी करायची असेल तर या आकड्याचे पैसे वसूल होतील. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 43-44 पर्यंत जातो आणि हिवाळ्यात पहाटे स्वेटर पुरतो. पुस्तिकेत 80डब्ल्यू-90 किंवा साधं नव्वद चालतं असं लिहिलं असेल, तर द्रासच्या थंडीचे पैसे सोलापुरात कशाला मोजायचे? इंडियन ऑइलचं सर्वो, भारत पेट्रोलियमचं मॅक, किंवा अशाच माहितीतल्या कंपनीचं साधं ऑइल घ्यावं. नंबर आणि जीएलचा वर्ग पुस्तिकेशी जुळला की मनात किंतु ठेवू नये. बिननावाचं सुटं ऑइल मात्र टाळावं. ते वाईटच असतं असं नव्हे. पण त्यात काय आहे हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. या पेटीत ऑइल मावतं साधारण दीड-दोन लिटर, आणि तेही वरचेवर बदलावं लागत नाही. सुट्या ऑइलाने वाचून वाचून किती वाचणार?

नेमकं पुरेल एवढंच, पण कमी नाही, हा हिशेब कुंभारीला बाहेरून कुणी येऊन शिकवायला नको. इथे विडी कामगार बायांसाठी 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि 2006 मध्ये घरं त्यांच्या ताब्यात गेली. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगरचा 30,000 घरांचा प्रकल्प आला, आणि त्यातल्या 15,000 घरांचं लोकार्पण 19 जानेवारी 2024 रोजी झालं. कामगारांनी यात आपला वाटा भरला, आणि विडी कामगारांनी तर तो हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीतून साठवून. विडीचं काम सगळं मापाचं. तेंदूची पानं आणि तंबाखू मोजून मिळते. विडीत तंबाखू कमी पडली तर विडी पोकळ होते आणि कारखान्यात बाजूला निघते. जास्त भरली तर हजार विड्या व्हायच्या आत तंबाखू संपते आणि भर पदरची घालावी लागते. म्हणून तिथे कुणी हात आखडूनही भरत नाही आणि सढळही भरत नाही. चिमूट ठरलेली असते. ऑइलचा डबा उचलताना तोच हात, तीच नजर वापरायची आहे.

आपण मात्र भावावरून दोन गट पाडतो. कमी भावाचं म्हणजे काटकसर आणि जास्त भावाचं म्हणजे काळजी. घरातल्या पुष्कळ खरेद्या याच दोन कप्प्यांत पडतात. मुलाच्या शिकवणीची फी ठरवताना, आजीचा चष्मा करताना, अगदी सणाचं सामान भरतानाही. महाग शिकवणी लावली की आपलं कर्तव्य झालं असं वाटतं. मुलगा नेमका कुठे अडतोय, हे त्याच्या वहीत बघायचं राहून जातं. आजीला चष्म्याची काडी सैल होते एवढीच तक्रार असते, आणि आपण नवी फ्रेम घेऊन येतो. ती ठेवून देते बिचारी, बोलत नाही. भाव विचारण्याआधी मिनिटभर थांबून गरज बघितली, तर पुष्कळदा खर्च कमी निघतो. कधीकधी जास्तही निघतो, आणि मग तो करताना जड जात नाही. बायको भाजी निवडताना, आई डब्यात पोळ्या घालताना हा हिशेब रोज करतेच, कुणी शाबासकी देत नाही एवढंच.

गाडीपुरतं बोलायचं तर आणखी दोन-तीन गोष्टी. जुने मिस्त्री ऑइल काढायच्या आधी वरचा, भरायचा नट सैल करून बघतात. खालचा नट उघडून सगळं ऑइल वाहून गेलं आणि मग वरचा नट गंजून अडकलेला निघाला, तर गाडी तिथेच बसते. ज्याच्या हातात हा क्रम आहे त्याच्याकडे गाडी डोळे मिटून द्यावी. ऑइल काढण्याआधी गाडी थोडी फिरवून आणावी. गरम ऑइल लवकर उतरतं आणि तळाचा गाळही बरोबर घेऊन येतं. उतरलेलं ऑइल दुधाळ दिसलं तर ओढ्यातून जाताना आत पाणी गेलं आहे असं समजावं. बोटाला बारीक करडी भुकटी लागली तर घाबरायचं नाही, ती नेहमीच्या झिजेची असते. कणी किंवा तुकडे लागले तर मिस्त्रीला लगेच दाखवावं. महिन्यातून एखाद्या वेळी मातीच्या वाटेवर थोडं अंतर फोर बाय फोर लावून चालवावं, म्हणजे पेटीत सगळीकडे ऑइल फिरतं. कोरड्या डांबरावर, विशेषतः वळणावर, तसं लावू नये, दात्यांवर ताण येतो. निघालेलं काळं ऑइल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. कायद्याने तो घातक कचरा धरला आहे. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जुनं ऑइल रीतसर गोळा करणाऱ्याकडे जाईल अशा गॅरेजात द्यावं.

आज गॅरेजकडे जाणार असाल तर निघण्याआधी गाडीची पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात आहे का ते बघा. शेवटच्या पानांत ऑइलचा तक्ता असतो. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं हौसिंग, मागचं हौसिंग, प्रत्येकाची ओळ वेगळी असते. तेवढ्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जुन्या गाडीची पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मॉडेल आणि साल सांगून विचारा. आणि दुकानात गेल्यावर भाव विचाराच, पण फोटोतली ओळ वाचून दाखवल्यावर.